दहा बाय बाराच्या हॉलमध्ये जुना हाय-फाय: पारखण्यापासून मांडणीपर्यंत

पहिल्या खेपेला मी कमरेएवढे उंच, बारा इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या कोनचे) स्पीकर घेऊन आलो. ठाण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात ते ऐकले होते आणि तिथे ते फार सुरेख वाजत होते. डोंबिवलीच्या आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये लावले, तर डग्ग्याचा प्रत्येक घुमारा भिंतीभिंतीतून परत यायला लागला. विलंबित ख्यालात तंबोरे नीट जुळलेत की नाहीत तेही कळेना. चार महिने इकडून तिकडे सरकवून पाहिले आणि शेवटी विकले. स्पीकरांत काही खोट नव्हती. त्या खोलीला ते झेपणारे नव्हते, एवढंच.

तेव्हापासून कुणी विचारलं की "जुना म्युझिक सेट घ्यायचाय, कुठला घेऊ?" तर मी आधी खोलीची मापं विचारतो. खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे: खोली, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर (स्पीकरला ताकद देणारा डबा, पुढे नुसता ॲम्प), मग बाकीचं.

आधी खोली मोजा

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये एका ठरावीक सुराला खोली स्वतःच साथ द्यायला लागते. तो सूर काढायला सोपा हिशोब आहे. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. त्याच्या निम्मे, म्हणजे ५६५ घ्या आणि भिंतींमधल्या अंतराच्या फुटांनी भागा. बारा फुटांना ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपनं), दहा फुटांना ५६, आठ फुटांना ७०. त्या आकड्याजवळचा कुठलाही स्वर आला की तो फुगून येणार.

आता आपल्या संगीताशी हे ताडून बघा. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे आठ फूट रुंदीच्या बेडरूममध्ये नेमका खर्जच घुमणार. खोली चौरस असेल तर त्रास आणखी वाढतो, कारण लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तोच आकडा येतो आणि एकाच सुरावर दुप्पट जोर चढतो.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. लहान खोलीत पाच ते साडेसहा इंची वूफरचे, शेल्फवर मावणारे स्पीकर पुरतात. असा स्पीकर साधारण ६० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरतो आणि त्याखालची भर खोली घालते. बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरायला एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला होता. गाडीतली जागा आपल्या बाथरूमएवढी, म्हणून डबा जेमतेम पाच लिटरचा आणि पूर्ण बंद. माणसाचा आवाज त्यावर इतका खरा येई की आजही लोक तो शोधत फिरतात. तो आता फार महाग पडतो, पण त्यामागचा विचार आपल्या कामाचा आहे: जागा लहान असेल तर लहान आणि शक्यतो बंद डब्याचा स्पीकर. डब्याला हवेचं भोक असेलच तर ते पुढच्या बाजूला असावं. मागे भोक असलेला स्पीकर भिंतीपासून लांब ठेवावा लागतो आणि ती लांबी आपल्याकडे नसते.

वॉटचा घोळही इथेच मिटवू. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिमवर दोन-दोन हजार वॉट पीएमपीओ असे स्टिकर असत. त्या आकड्याला काही अर्थ नाही. मागच्या पट्टीवर आरएमएस किंवा सतत मिळणारे वॉट दिलेले असतात, तेच बघायचे. ८७ डेसिबल संवेदनक्षमतेचा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो, आणि घरात तेवढा आवाज म्हणजे बोलणं थांबवायला लावणारा. आवाज तीन डेसिबलने वाढवायला वॉट दुप्पट लागतात, दहा डेसिबलने वाढवायला दहापट. म्हणून चॅनेलमागे २० ते ४० खरे वॉट असले की आपलं भागलं. नॅड कंपनीचा १९७८ चा ३०२० हा ॲम्प कागदावर फक्त २० वॉटचा होता आणि जगभर नावाजला गेला.

पैसे कुठे घालायचे

एकूण पैशांतले निम्मे स्पीकरवर, एक तृतीयांश ॲम्पवर, आणि उरलेले दुरुस्ती, वायर, स्टँड यांसाठी राखून ठेवा. जुन्या मालात दुरुस्तीचा खर्च येतोच, तो आधीच बाजूला काढलेला बरा. मी पहिल्यांदा सगळे पैसे खरेदीत घातले आणि मग एका बेल्टसाठी महिनाभर थांबलो.

१९९१ च्या आधी परदेशी माल आणणं सोपं नव्हतं. त्यामुळे आपल्याकडच्या घरांतून दोन प्रकारचा माल निघतो: सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज यांसारखा देशी, आणि आखातातून किंवा बोटीवरच्या नोकरीतून कुणी आणलेला सान्सुई, पायोनियर, टेक्निक्स, अकाई, यामाहा. देशी ॲम्पला कमी लेखू नका. त्यांची अंतर्रचना बहुतेक वेळा सरळ असते आणि जुना मेकॅनिक ते डोळे मिटून उघडतो.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. एक, सगळं एकाच डब्यात असलेली सिस्टिम. कॅसेट डेक बिघडला की ॲम्पही अडकून पडतो. दुसरी, होम थिएटरचे पाच-सहा चिमुकले स्पीकर. त्यात गाण्यातले मधले सूरच नसतात.

ॲम्पच्या बाबतीत एक प्रश्न जरूर विचारा: आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर आहेत की एसटीके? एसटीके म्हणजे सान्योचे ते लांबट काळे मॉड्यूल. ते आता बनत नाहीत आणि बाजारात मिळणाऱ्यांत नकली फार. एसटीकेचा ॲम्प चालू असेल आणि स्वस्त मिळत असेल तर घ्या, पण बंद पडलेला "फक्त आयसी बदलायचा आहे" म्हणून देत असतील तर नको.

कुठे शोधायचं

मुंबईत ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे भडकमकर मार्ग, सुटे भाग, वायर आणि ट्रान्सफॉर्मरसाठी. चोर बाजारात मटण स्ट्रीटला जुन्या तबकड्या आणि प्लेयर मिळतात, पण तिथे वस्तू चालवून दाखवली नाही तर ती बंद आहे असंच धरून भाव करा. पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार आहे आणि सुट्या भागांसाठी तपकीर गल्ली.

माझा अनुभव मात्र असा की सगळ्यात चांगला माल घरातून निघतो. मुलं परदेशी गेलेली, घर आवरायचं असतं, सेट वीस वर्षं एकाच कोपऱ्यात उभा. अशा घरी वस्तू एकाच हाताने वापरलेली असते, बिल आणि खोकाही कधी कधी सापडतो. ओळखीच्यांत आणि सोसायटीच्या ग्रुपवर सांगून ठेवा, आणि थांबा. घाई करणाऱ्याला जुना माल नेहमी महाग पडतो.

बघायला जाताना पिशवीत काय न्याल

बॅटरी (टॉर्च), पेन्सिल सेल, मल्टिमीटर, दोन मीटर स्पीकर वायर, फोनला जोडायची ३.५ मिमी ते आरसीए केबल (एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्याला ॲम्पमागच्या सॉकेटच्या दोन पिना), आणि एक कोरा कागद. गाणी तुमच्या अगदी कानातली, शेकडो वेळा ऐकलेली असावीत. विक्रेत्याच्या पसंतीच्या गाण्यावर कधीही निर्णय घेऊ नका.

स्पीकरपासून सुरुवात करा. पुढची जाळी काढायला सांगा. काढत नसतील तर तिथेच समजा. कोनच्या (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेला जी गोल पट्टी असते ती फोमची असेल तर बोटाने हलकेच टेका. दमट हवेत फोम दहा-पंधरा वर्षांत सडतो, बोट लावताच ओल्या बिस्किटासारखा भुगा हाताला येतो. रबर किंवा कापडाची पट्टी असेल तर ती बरीच टिकते. फोम नवा बसवता येतो, तेव्हा ती खोट भाव पाडायला कामाची, सौदा सोडायला नव्हे.

मग चारही बोटं पसरून कोनवर सगळीकडून सारखा दाब देत तो हळूच आत न्या आणि सोडा. कान जवळ असू द्या. काहीही आवाज येता कामा नये. वाळू घासल्यासारखी खरखर आली तर आतली कॉइल घासते आहे. हा स्पीकर घेऊ नका. गिरगावातल्या एका घरी मी असंच बोटं टेकून बसलो होतो, तर घरातले आजोबा म्हणाले, "डाव्याला आमच्या नातवाने बोट घातलं होतं, मधली टोपी दबली आहे बघा, पण वाजायला काही फरक नाही." खरंच नव्हता. मधली टोपी चेपली असेल तर ती बहुधा फक्त दिसायला वाईट दिसते. तीच जोडी आज माझ्याकडे वाजते आहे.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून मागच्या दोन टर्मिनलांना लावा. आठ ओहमचा स्पीकर सहा-सात दाखवेल, चार ओहमचा तीन-साडेतीन. दोन्ही डबे जवळपास सारखे आकडे दाखवत असले पाहिजेत. आकडाच आला नाही तर आत काहीतरी तुटलं आहे. नंतर पेन्सिल सेलची दोन टोकं वायरीने लाल आणि काळ्याला क्षणभर लावा. अधिक बाजू लालला असेल तर वूफर पुढे यायला हवा. एक पुढे येतो आणि दुसरा मागे जातो, असं झालं तर कुणीतरी आतल्या वायरी उलट्या जोडल्या आहेत.

आता गाणं लावा आणि कोऱ्या कागदाची सुरळी करा. एक टोक कानाला, दुसरं ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरच्या) अगदी जवळ. जळालेला ट्वीटर लांबून कळत नाही, दुसऱ्या बाजूचा आवाज फसवतो. सुरळीतून मात्र तो आहे की नाही, लगेच समजतं. दोन्ही बाजू अशा तपासा. आणि डबा उलटा करून खालच्या कडा चाचपा. पावसाळ्यात फरशीवर ठेवलेल्या पार्टिकल बोर्डाची खालची कड फुगलेली असते, बोटाला लगेच लागते.

ॲम्प लावताना कान उघडे ठेवा. बऱ्याच चांगल्या ॲम्पमध्ये स्विच दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी आत "टक्" असा रिलेचा आवाज होतो, मग स्पीकर जोडले जातात. टक् आलाच नाही तर ॲम्प स्वतःला वाचवत बसला आहे, म्हणजे आत दोष आहे. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती साफ होते. पण व्हॉल्यूम शून्यावर असतानाही सतत गुंजारव येत असेल तर आतले मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) वाळले आहेत. शक्य असेल तर स्पीकर सोडवून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा आणि स्पीकरच्या टर्मिनलांवर मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. शंभराच्या वर असेल तर दुरुस्तीशिवाय त्याला चांगले स्पीकर जोडू नका. अर्धा तास वाजवून वर हात ठेवा. कोमट असायला हरकत नाही, पण हात काढून घ्यावा लागला तर नको. स्क्रूंची डोकी ओरबाडलेली आहेत का तेही बघा. असतील तर कोणी उघडला होता आणि का, हे विचारा.

सीडी प्लेयर असेल तर तबकडीचं शेवटचं गाणंही वाजवा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि थकलेला लेसर बहुधा बाहेरच्या कडेला अडखळतो. कॅसेट डेकमध्ये बेल्ट ताणला किंवा वितळला असतो, हे गृहीतच धरा.

१०० व्होल्टचा प्रश्न

अलीकडे जपानहून थेट आलेला माल बराच दिसतो. मागे पट्टीवर "एसी १०० व्ही ५०/६० हर्ट्झ" लिहिलेलं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावला तर काय होतं ते मी पाहिलं आहे: एक फट् आवाज, जळक्या वार्निशचा वास, आणि संपलं. विकणाऱ्याने "आपल्याकडे चालतो" असं तोंडी सांगितलं होतं आणि मी मागची पट्टी वाचली नव्हती. पट्टी वाचा, तीही स्वतःच्या डोळ्यांनी, बॅटरी लावून. मागे व्होल्टेज बदलायचा गोल स्विच असेल तर तो २२० किंवा २४० वर आहे ना, तेही बघा. आखातातून आलेल्या मालाला तो बऱ्याचदा असतो.

शंभर व्होल्टचा ॲम्प घ्यायलाच हवा असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल. बाजारात तयार मिळतात ते २३० ते ११० चे. आपल्याकडे कधी कधी लाइन २४० च्या वर जाते, मग तो ११५ देतो आणि शंभरच्या ॲम्पला पंधरा टक्के जास्त पडतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्याकडून २३० ते १०० चा खास बांधून घ्या. ॲम्पच्या पट्टीवर जेवढे वॉट लिहिले असतील त्याच्या दुप्पट क्षमतेचा. इस्त्री किंवा हेअर ड्रायरसाठी येणारे हलके, प्लास्टिकच्या डबीतले कन्व्हर्टर यासाठी अजिबात वापरू नका.

घरी आणल्यावर पहिल्यांदा चालू करताना

बरीच वर्षं बंद असलेला ॲम्प थेट प्लगमध्ये घालू नका. प्रत्येक जुन्या मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो: ॲम्पच्या आधी लाइनमध्ये मालिकेत जोडलेला ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब. स्विच दाबल्यावर बल्ब क्षणभर भगभगतो आणि मंद होतो, म्हणजे सगळं ठीक. भगभगताच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तो पिऊन ॲम्प वाचवला आहे. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. विजेच्या कामाची सवय नसेल तर हा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या किंवा ॲम्प मेकॅनिककडे नेऊन तिथेच चालू करा. झाकण स्वतः उघडण्याचा मोह टाळा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये झटका बसेल इतका भार उरू शकतो.

खरखरणाऱ्या व्हॉल्यूमसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. प्लग काढून, मेकॅनिककडून झाकण उघडवून, पॉटच्या (नॉबमागच्या फिरत्या भागाच्या) फटीत एक छोटा फवारा मारायचा आणि नॉब पन्नासेक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. अर्धा तास वाळू द्या. बिजागरीचं तेल किंवा गंज काढायचे स्प्रे पॉटमध्ये मारू नका, धूळ धरून ठेवतात.

जोडणी

स्पीकरसाठी महागडी केबल लागत नाही. दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची दोन पदरी वायर, घरातल्या फिटिंगला वापरतात त्या दर्जाची, चार-पाच मीटरपर्यंत उत्तम. दोन्हीकडे लांबी सारखी ठेवा. ॲम्पच्या लालमधून स्पीकरच्या लालला, काळ्यातून काळ्याला. मोकळ्या तारेचा एकही केस बाहेर राहू नये. तो शेजारच्या टर्मिनलला टेकला तर आउटपुट जळू शकतं.

जोडणी बरोबर आहे का, हे एकट्या माणसाचा आवाज लावून बघा, बातम्या वाचणाराही चालेल. दोन स्पीकरांच्या बरोबर मधून आवाज आला पाहिजे. तो डोक्याभोवती पसरल्यासारखा, कुठून येतो ते कळेना असा वाटला, आणि खालचे सूर पातळ लागले, तर एका बाजूची वायर उलटी आहे.

आता हम्म. याचे दोन प्रकार कानाने वेगळे करता येतात. आपल्या लाइनची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे अर्थिंगच्या फेऱ्यातून (दोन उपकरणांची अर्थिंग वायरींतून एकमेकांना जोडली गेल्याने) येणारा हम्म खोल, जाड असतो. कंडेन्सर वाळल्यामुळे येणारा १०० हर्ट्झचा, बरोबर एक सप्तक वर, किंचित गुणगुणता. घरी पेटी असेल तर ताडून बघा, दोन्ही पांढरी पाचच्या आसपास, पण वेगवेगळ्या सप्तकांत येतील. पहिला प्रकार बहुधा टीव्हीची केबल ॲम्पला जोडल्यावर सुरू होतो. सेट-टॉप बॉक्सची वायर काढून बघा, थांबला तर दोषी तीच. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली की निम्म्या वेळा तो जातो. हम्म घालवायला अर्थची पिन मोडून टाकतात, ते कदापि करू नका.

फोनमधून गाणी ऐकायची असतील तर ॲम्पमागच्या ऑक्स (AUX) लिहिलेल्या सॉकेटला साधी केबल लावा, किंवा एखादा छोटा डॅक (फोनच्या डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालणारा सिग्नल करणारी डबी) घ्या. फोनो लिहिलेल्या सॉकेटमध्ये फोन कधी जोडू नका. ते सॉकेट रेकॉर्ड प्लेयरच्या चार-पाच मिलिव्होल्टसाठी असतं, फोन त्याच्या शंभरपट देतो.

मांडणी, जिथे खरा फरक पडतो

एवढ्या सगळ्यात फुकट आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट ही. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये मी स्पीकर दहा फुटांच्या भिंतीपाशी ठेवतो, तोंड बारा फुटांच्या दिशेने. दोघांत साडेपाच फूट, बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट, मागच्या भिंतीपासून जमेल तितकं, किमान नऊ इंच. बसायची जागा दोघांपासून जवळपास तेवढीच, सहाएक फूट, म्हणजे तिन्ही मिळून समभुज त्रिकोण झाला. स्पीकरांची तोंडं किंचित आत वळवा. कोपऱ्यात ढकललेला स्पीकर दोन भिंती आणि फरशी असा तीन बाजूंनी आधार घेतो आणि खालचा भाग फुगवतो. सोफा अगदी मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तिथेही तेच होतं. दीड फूट पुढे ओढला तरी तंबोरा मोकळा होतो. पण अगदी खोलीच्या मध्यावरही बसू नका, तिथे ४७ हर्ट्झचा सूर उलट नाहीसा होतो.

ट्वीटर कानाच्या उंचीवर यायला हवा. आमच्याकडे खाली गादी-तक्क्यांची बैठक आहे, तिथे कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो, म्हणून माझे स्टँड बुटके आहेत. सोफा असेल तर बसून टेपने मोजा. फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपचे स्टँड करून घ्या, वरून वाळू भरून टोपी लावा. पोकळ स्टँड स्वतः वाजतो. टीव्ही युनिटवर ठेवायचेच असतील तर खाली जाड रबराचे चार तुकडे द्या, नाहीतर काचेची दारं साथ करतात.

खोलीत उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे पत्र्यासारखी झिणझिण आली तर भिंती आणि फरशी फार मोकळ्या आहेत. स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये सतरंजी किंवा जाजम अंथरा, खिडकीला जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. बाजूच्या भिंतीवर नेमकं कुठे काय लावायचं, हे आरशाने कळतं. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि घरातल्या कुणाला तरी हातातला आरसा भिंतीवरून सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात ट्वीटर दिसेल, तिथे पडदा किंवा घोंगडी. अंड्यांचे ट्रे चिकटवून काही होत नाही, धूळ आणि झुरळं मात्र होतात.

मागे भोक असलेले स्पीकर आधीच घेतले असतील आणि घुमत असतील तर भोकात एक जुना मोजा घट्ट घडी करून कोंबून बघा. घुमारा बराच आटोक्यात येतो.

हे सगळं एकाच दिवशी करू नका. एका वेळी एकच बदल, सहा इंच सरकवा, तीच चीज पुन्हा लावा. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या आणि डग्ग्याची मींड एका जागेवर राहिली की तिथे फरशीवर चिकटपट्टीची खूण करा. नाहीतर साफसफाईच्या दिवशी सगळं हलतं.

रेकॉर्ड प्लेयर घ्यायचा असेल तर

तो शेवटी घ्या. अमेरिकेतून आलेल्या जुन्या प्लेयरची मोटर ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० वर तबकडी ३३⅓ ऐवजी मिनिटाला २८ पेक्षाही कमी फिरते, आणि काळी एकचा गायक काळी एकच्या बराच खाली उतरतो. ट्रान्सफॉर्मरने हे सुटत नाही, मोटरवरची पुली बदलावी लागते. सुई जुनी असेल तर तिचं वय विचारू नका, नवी घ्या. सोनाराच्या छोट्या काट्याने सुईचा भार मोजा, बहुतेक कार्ट्रिजना (सुई बसते त्या डबीला) दीड ते दोन ग्रॅम. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना वेगळी, जाड सुई लागते. एलपीच्या सुईने त्या वाजवल्या तर सुई खाचेच्या तळाशी घासत जाते. प्लेयर भिंतीतल्या फळीवर ठेवला तर कुणी चाललं की सुई उडत नाही.

रात्री, आणि पावसाळ्यात

निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५. पण कायद्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विचार करा. भिंतीतून जातो तो खालचाच भाग, म्हणून दहानंतर बास कमी करा. बंद दाराबाहेर उभं राहून एकदा स्वतः ऐका. हळू आवाजात खालचे आणि वरचे सूर कानाला कमी लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. जुन्या ॲम्पवरचं लाउडनेसचं बटण त्यासाठीच आहे. अगदी हळू ऐकताना ते दाबा, दिवसा मात्र बंद करायला विसरू नका.

पावसाळ्यात ॲम्प आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालवा, आतली ओल उष्णतेने निघते. तबकड्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा वापरा. ॲम्पवर भरतकामाचा रुमाल किंवा प्लास्टिक घालायची आपल्याकडे पद्धत आहे, ते बंद असताना ठीक, चालू करण्याआधी काढा. वरच्या जाळीतून उष्णता बाहेर जायची असते. त्याच जाळीतून पावसाळ्यात पाल आत शिरते आणि दोन टोकांमध्ये अडकून शॉर्ट करते, हे मी मेकॅनिककडे उघडलेल्या ॲम्पमध्ये स्वतः पाहिलं आहे. म्हणून महिना-दोन महिने ॲम्प बंद राहणार असेल तर जाळीवर कापड टाका आणि प्लग काढून ठेवा. विजा कडाडायला लागल्या की तर नक्कीच काढा, आणि प्लगबरोबर टीव्हीची केबलही.